तराजू, फर्द आणि तारीख

होळीला भांगेची ठंडाई पिऊन दिल्लीत कुणी झिंगला, तर अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा त्याच्या वाटेला जात नाही. 1985च्या या कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात येत नाहीत. त्याच झाडाची राळ, म्हणजे चरस, खिशात निघाली की मात्र काटा मांडला जातो. 100 ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. किलोच्या वर व्यापारी मात्रा, कमीत कमी दहा वर्षं. हेरॉइनला हेच आकडे 5 आणि 250 ग्रॅम. आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भेसळीसकट सगळं वजन धरायचं. चार ग्रॅम हेरॉइन तीनशे ग्रॅम भुकटीत मिसळलेलं असेल, तर आरोपी भुकटीच्या वजनाने तोलला जातो. मला हा न्याय अजून पटलेला नाही.

आपल्याकडच्या पंचनाम्याला दिल्लीत ‘फर्द’ म्हणतात. जाणता वकील आधी ती मागतो. गुप्त खबर लिहून घेतली होती का, ती 72 तासांत वरिष्ठांकडे गेली का, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का? कलम 50 प्रमाणे, झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर घ्या असं म्हणण्याचा हक्क आरोपीला आहे, आणि तो हक्क त्याला सांगावाच लागतो, असं घटनापीठाने 2010 साली बजावलं. पण हे संरक्षण अंगझडतीपुरतंच. पुडी खिशात सापडली तर कलम 50 लागतं, पाठीवरच्या सॅकमध्ये सापडली तर नाही! शिवाय ताबा सिद्ध झाला, की ‘मला माहीत नव्हतं’ हे आरोपीनेच सिद्ध करायचं.

मेट्रो एकच, पण जामिनासाठी गुरुग्रामचा आरोपी चंदीगडच्या उच्च न्यायालयात जातो, नोएडाचा अलाहाबादच्या. यूपीएससीसाठी मुलं दिल्लीच्या राजेंद्रनगरात ठेवलेल्या आईबापांनी एक लक्षात ठेवावं: कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो.

खरी कोंडी कलम 37ची. व्यापारी मात्रा असेल, तर आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशांची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही; म्हणजे खटल्याआधीच अर्धा निकाल. फर्देतल्या चुकाही इथे हमखास तारत नाहीत: नमुने काढण्यातली त्रुटी एवढ्यावरच जामीन देता येणार नाही, असं डिसेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

2015 साली दिल्लीत 180 किलो गांजा पकडला गेला. त्या प्रकरणात नंतर अटक झालेला एक तरुण तेव्हा 23 वर्षांचा होता. त्याच्याजवळ गांजा सापडलेला नव्हता. सहआरोपीच्या जबाबातून त्याचं नाव आलं. तारखा पडत राहिल्या. 28 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खटला लांबला म्हणून, त्याला जामीन दिला. तोवर तो तिशीला टेकला होता, आणि 34 साक्षीदार तपासायचे राहिले होते.