घराला काम निघाले, पॉलिसी जागच्या जागी

घराला काम काढायचे ठरले की टाइल्सच्या रंगावरून वाद होतात, मिस्त्रीच्या दरावरून घासाघीस होते. विम्याचा विषय मात्र निघत नाही. गेल्या पन्नास वर्षांत आपल्याकडचा घरविमा बराच सुधारला, पण सुधारला तो उभ्या, राहत्या घरासाठी. फोडाफोड चाललेल्या घराचा विचार त्यात कायम मागेच राहिला.

1 जानेवारी 1973 ला सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आणि दर ठरवून देणारी टॅरिफ समिती, असा तो काळ. आगीचा विमा म्हणजे कारखान्यांचा, गोदामांचा. घरवाल्यांची त्याच्याशी ओळख झाली ती बहुतेक गृहकर्जामुळे. कर्जासोबत निघालेली पॉलिसी फायलीत जाई आणि तिथेच राही. पुढे कुणी पोटमाळा काढला, कुणी गॅलरी आत घेतली, तरी फायलीतला आकडा तोच.

2001 च्या अखिल भारतीय आग टॅरिफमधल्या पॉलिसीत भूकंप हवा तर वेगळा हप्ता भरावा लागे, आणि पूर-वादळ नको असेल तर ते वगळून सूट मिळे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा अशी सूट किती महागात पडू शकते ते मुंबईला कळले.

घराचे काम काढणाऱ्याला नडणाऱ्या अटी याच पॉलिसीत होत्या. पहिली अशी, की घर सलग 30 दिवसांहून जास्त रिकामे राहिले आणि कंपनीची संमती घेतलेली नसेल तर संरक्षण थांबते. कामापुरते भाड्याच्या घरात गेलेले कुटुंब नेमके यातच सापडे. दुसरी अट सरासरीची. घर पुन्हा बांधायला 20 लाख लागणार आणि विमा 15 लाखांचा असेल, तर 4 लाखांच्या नुकसानीवर हातात 3 लाख पडत. ग्रॅनाइट आणि फॉल्स सीलिंग घालून घराची किंमत वाढवणारा माणूस नकळत आपलाच क्लेम कापून घेत असे. 1 जानेवारी 2007 पासून दर मोकळे झाले, पॉलिसीची भाषा मात्र फारशी हलली नाही.

25 जुलै 2017 ला घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून 17 जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांकडे बोट दाखवले गेले. विम्याच्या दृष्टीनेही ही घटना डोळे उघडणारी आहे. आपल्या आग पॉलिसीत संकटे नावानिशी मोजलेली असतात: आग, वीज, पूर, दंगल, भूस्खलन. जमीन खचणे त्यात आहे. पण बांधकामातले फेरबदल, पाडकाम किंवा दुरुस्ती यांमुळे झालेले खचणे वगळलेले आहे. म्हणजे खांबाला हात लावून ओढवलेल्या संकटात ही पॉलिसी सोबत करत नाही.

1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली आणि बरेच काही बदलले. भूकंप त्यातच आला. सरासरीची कात्री गेली. हिशेब सोपा झाला: चटई क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर. 600 चौरस फूट आणि फुटाला 2,500 रुपये धरले तर इमारतीचे 15 लाख, आणि घरसामानासाठी आपोआप त्याच्या 20 टक्के, म्हणजे 3 लाख. या सामानाला कमाल मर्यादा 10 लाखांची. पण नूतनीकरणात भिंतीत ठोकलेले किचन आणि नवी फरशी यांवर 8 लाख ओतले, तर घर पूर्ण गेल्यावर मिळणारी रक्कम आपोआप वाढत नाही. बांधकामात भर किंवा बदल केला तर कंपनीला कळवायचे, ही जबाबदारी पॉलिसीने घरमालकावरच ठेवली आहे.

आणि कामाचे ते दोन-तीन महिने? बाथरूमचा कोबा फोडताना पाइपला छिन्नी लागते आणि खालच्यांच्या छताला ओल धरते. तो खर्च आपल्या घरविम्यात बसत नाही, कारण तो घर सांभाळतो, शेजाऱ्याचे देणे नाही. पॉलिशवाला थिनरचा डबा उघडा ठेवतो आणि पलीकडे ग्रिलवाला वेल्डिंग करतो. आग लागली तर काम चालू असल्याचे कळवले होते का, हे सर्व्हेअर विचारणारच. चोरीचे तर आणखी अवघड. घरफोडीच्या विम्याला कुलूप तोडल्याच्या खुणा लागतात. आपणच किल्ली दिलेल्या माणसाने नळ-दिवे नेले तर घरफोडी झाली कशी म्हणायची? सोसायटीचा विमा इमारतीच्या सांगाड्यापुरता असतो, तुमच्या नव्या वॉर्डरोबपर्यंत तो पोचेल असे गृहीत धरू नये.

या फटी बुजवायच्या पॉलिसी बाजारात आहेत, पण त्या कंत्राटदाराच्या नावाने निघतात. कंत्राटदाराची ‘ऑल रिस्क’ पॉलिसी कामाचे आणि त्यातून तिसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचे बघते. मजूर पडला, भाजला तर कामगार भरपाईची पॉलिसी लागते. 2025 पर्यंत ती ज्या 1923 च्या कायद्यावर उभी होती, तो या साऱ्या बदलांहून जुना.

म्हणून मिस्त्रीला आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच्याकडून या दोन पॉलिसींच्या प्रती मागाव्यात, कामाच्या तारखा विमा कंपनीला लेखी कळवाव्यात आणि काम संपल्यावर बिले लावून विमा रक्कम वाढवून घ्यावी. लाखांच्या खर्चात वाढीव हप्त्याचे ओझे जाणवणारही नाही.