मोंतोनेचे छायायंत्र

इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचे लहानसे गाव आहे. तेथे जुलै २०२३ मध्ये, एका मराठी शिपायाच्या स्मरणार्थ, छायायंत्र उभारण्यात आले. त्या शिपायाचे नाव नाईक यशवंत घाडगे. कोकणातील माणगाव तालुक्याचा तो सुपुत्र, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. १० जुलै १९४४ रोजी जर्मन मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतील सारे सोबती ठार अथवा घायाळ झाले. यशवंत एकटा उरला. हातबॉम्ब फेकून त्याने ती मशीनगन बंद पाडली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरण्यास अवसर नव्हता. तेव्हा ती नळीकडून धरून दस्त्याच्या प्रहारांनी त्याने उरलेल्या दोघा शत्रूंना लोळविले. तेथेच गोळ्या लागून त्याला वीरमरण आले. वय अवघे बावीस! त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नवल हे की, सप्टेंबर १९४३ पर्यंत इटली शत्रुपक्षातच होती. नंतर तिने जर्मनीविरुद्ध शस्त्र उचलले. तिच्या भूमीवर ५,७८२ भारतीय जवान कामी आले. छायायंत्रावरील लॅटिन वचनाचा अर्थ असा : आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.