पिशवी काढायला उशीर नको

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्ध्या लिटरच्या पुढे रक्त येत असते. वार पडली की पिशवी आवळते, स्नायूंच्या पिळात रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबते. पिशवी सैलच राहिली, किंवा आधीच्या सिझेरियनच्या व्रणात वार रुतून बसली, तर बाळंतीण बघता बघता हातची जाऊ शकते. अशा वेळी पिशवी काढून जीव वाचवता येतो, पण डॉक्टर आणि घरचे दोघेही तिथवर यायला कचरतात. माझ्या मते मोठा धोका या कचरण्यात आहे. इंजेक्शने, पिशवीत फुगवायचा फुगा, ख्रिस्तोफर बी-लिंच यांनी १९९७ मध्ये मांडलेला पिशवी आवळणारा टाका, हे आधी करून बघायचेच. मात्र दर उपायानंतर ‘अजून थोडं बघू’ म्हणत राहिले, तर पोट उघडेपर्यंत रक्ताची गोठण्याची ताकदच संपते. मग टाक्याटाक्यातून रक्त झिरपत राहते.

उशिराचे एक साधे कारण म्हणजे रक्त मोजलेच जात नाही. भिजल्या कपड्यांवरून बांधलेला अंदाज बहुधा कमीच निघतो. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८० रुग्णालयांत बाळंतिणीखाली मापाच्या खुणांचे प्लास्टिक अंथरले आणि सारे प्राथमिक उपचार एकदम सुरू केले. लिटरभर रक्त जाणे, त्यापायी पोट उघडणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. असे प्लास्टिक बेळगाव जिल्ह्यातल्या औषधचाचणीत त्याआधीच वापरून झाले होते! आपल्या किती प्रसूतिगृहांत ते आज दिसते?

यावर कोणी म्हणेल, बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या विनाकारण काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, त्या राज्यात डॉक्टरांना घाई करा म्हणून कसे सांगता? शंका रास्त आहे. पण तिथे विचारायला, दुसरा सल्ला घ्यायला वेळ होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हाच भेद केला: भूल दिलेल्या सज्ञान बाईची पिशवी तिच्या आईच्या होकारावर काढणे चूक ठरले, जीव वाचवण्याची तातडी असेल तेवढाच अपवाद. म्हणजे रक्त वाहत असताना नवऱ्याच्या सहीसाठी थांबणे कायदाही मागत नाही. पहिलटकरणीची पिशवी जाणे हा मोठा घाव, हे खरेच. बीजकोश राहतात, पण पुढचे मूल पोटी येत नाही. म्हणूनच आधीची सिझेरियन झालेल्या आणि सोनोग्राफीत वार खाली दिसणाऱ्या बाईशी हे बोलणे सातव्या-आठव्या महिन्यातच व्हायला हवे. सही तिची, रक्तपेढीत तिच्या गटाच्या बाटल्या राखून ठेवलेल्या, आणि बाळंतपण अनुभवी सर्जन असलेल्या रुग्णालयात.