पुरावा नसलेला नाच

उतरती कळा लागलेल्या नट-नट्यांविषयी मासिकांत नेहमी छापून येतं. जुने फोटो, कपाटातल्या ढाली, दारात गाड्यांची रांग लागायची ती आठवण. मी ते सगळं आवडीने वाचते आणि दर वेळी एकच गोष्ट खुपते. त्यांना निदान सांगता तरी येतं. माझंही एके काळी नाव होतं. ठाण्यापासून पनवेलपर्यंत रात्रीचे रिक्षावाले, वेटर, बारचे मॅनेजर ते नाव ओळखत. ते घरचं नव्हतं, तेव्हाच्या एका हिरॉइनचं उचललेलं होतं, आणि आज ते मी कुणासमोर उच्चारू शकत नाही. या लेखातही दोन्हीपैकी कुठलंच नाव लिहिणार नाही, कारण माझी मुलगी कॉलेजात आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातली, कोल्हाटी समाजातली. माझी मावशी मोडनिंबला संगीत बारीत होती. ढोलकी, पेटी, समोर बसलेले पाहुणे आणि बैठकीची लावणी हे तिचं जग. नाच मी तिच्याकडे शिकले. पण मी वयात येईपर्यंत बैठकांना पैसा राहिला नव्हता आणि मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या मुलींच्या अंगावर सोनं दिसायला लागलं होतं. त्यातल्या एकीबरोबर मी निघाले. मावशी रडली. बारमध्ये जाते म्हणून नव्हे. तिथे ढोलकी नसते, मग तू वळणार कशावर, असं तिचं म्हणणं होतं.

ज्यांनी डान्स बार पाहिला नाही त्यांच्या डोळ्यांसमोर 'चांदनी बार' असतो. २००१ साली आलेल्या त्या सिनेमासाठी तब्बूला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रत्यक्षातली जागा साधी होती. मधे चकचकीत फ्लोअर, कडेने सोफे, वर फिरते दिवे, आणि चारही भिंतींना आरसे. घागरा-चोळी आणि वर ओढणी, म्हणजे लग्नात नवरीच्या बहिणी घालतात त्याहून अंग झाकणारा पोशाख. गाणी हिंदी सिनेमाची. सुरुवातीला नाचरी, रात्र चढली की संथ.

त्या आरशांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमची सगळी विद्या त्यांत होती. कस्टमरकडे तोंड करून नाचलं तर एकाच टेबलाला आपण दिसतो. पाठ करून नाचलं तर आरशातून सगळा हॉल दिसतो, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला वाटतं की ती आरशातून माझ्याकडेच बघतेय. मी नजर एका जागी दोन ओळींच्या वर ठेवायची नाही. कोपऱ्यातला माणूस नोटांचं बंडल फोडतोय, दारातला नुसता बघायला आलाय, तिसरा आज घरी भांडून आलाय, हे सगळं मी गिरकी घेता घेता टिपायचे. शंभराच्या, पाचशेच्या नोटा देऊन कस्टमर दहाच्या नोटांची बंडलं घ्यायचे. मग उधळण. कुणी नोटांचा हार करून वेटरच्या हाती पाठवायचा. फ्लोअरवरच्या नोटा पोरं गोळा करायची, कुणासाठी किती आले त्याची नोंद व्हायची, आणि पहाटे मेकअप रूममध्ये हिशेब. बारचा वाटा कापून उरेल ते आपलं. आमच्या बारमध्ये पगार नव्हता. ज्या रात्री नजर चुकली त्या रात्री रिक्षाचे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत.

जिचं कलेक्शन मोठं तिला फ्लोअरच्या मधली जागा. मी बराच काळ मधे होते. दुसऱ्या बारची माणसं निरोप धाडायची, इतके देतो, आमच्याकडे ये. माझ्या वाढदिवसाला हॉल फुग्यांनी भरायचा आणि केक कुणी आणायचा यावरून दोन टेबलांत भांडण व्हायचं. एवढ्या माणसांनी रोज आपल्यासाठी वाट पाहावी, हे एखाद्या खेड्यातून आलेल्या मुलीला काय करतं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. ते सुख होतं. त्याला दुसरं नाव देऊन मी ते लहान करणार नाही.

दुपारी उठलं की फोन. तेही कामच होतं. याच्या दुकानात मंदी आहे, त्याच्या आईचं ऑपरेशन आहे, तिसऱ्याची बायको माहेरी गेलीय, हे सगळं लक्षात ठेवायचं. पुष्कळसे पुरुष नाच बघायला येतच नव्हते. आपलं म्हणणं कुणीतरी हसून ऐकून घ्यावं म्हणून यायचे.

मग २००५ साल उजाडलं. मार्चअखेर राज्य सरकारने डान्स बारवर बंदीची घोषणा केली. मे महिन्यात आझाद मैदानावर मुली जमल्या, मीही गेले. आमची संघटना सांगत होती की राज्यभरात ७५ हजार मुलींचं पोट यावर आहे. त्या दिवशी बहुतेकींनी ओढणीने तोंडं बांधली होती. ज्यांना बघायला रात्रभर माणसं बसायची, त्या मुली भर दुपारी स्वतःच्या रोजगारासाठी चेहरा झाकून घोषणा देत होत्या. जुलैत विधेयक मंजूर झालं आणि ऑगस्टमध्ये फ्लोअर बंद झाले. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना, क्लबांना मात्र बंदी लागू नव्हती. तिथे नाचलेलं चालत होतं.

पुढची गोष्ट कोर्टातली. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. समानतेचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क त्यामुळे मोडतो, असं म्हटलं. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली आणि बार बंदच राहिले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला तो जुलै २०१३ मध्ये. २०१४ मध्ये कायदा बदलून पुन्हा बंदी, २०१५ मध्ये तिला स्थगिती, २०१६ मध्ये आणखी एक नवा कायदा, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्या बऱ्याच जाचक अटी रद्द. हातात टिप देता येईल, पण नोटा उधळायच्या नाहीत, असं तेव्हा ठरलं. वकिलांच्या दृष्टीने आम्ही जवळजवळ प्रत्येक वेळी जिंकलो. पण बारमधल्या मुलीचं नाचायचं वय किती असतं? पंचविशी उलटली की मधली जागा सुटायला लागते, तिशीत कडेला, पुढे दार. बंदीपासून सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या निकालापर्यंतची आठ वर्षं म्हणजे आमच्यातल्या अनेकींची अख्खी कारकीर्द होती. बंदी आली तेव्हा मी ऐन भरात होते. निकाल टीव्हीवर बघितला तेव्हा माझे गुडघे दुखत होते आणि मांडीवर मुलीची वही होती.

मधल्या काळात कोण कुठे गेलं? माझ्याबरोबरच्या राजस्थान, मध्य प्रदेशातल्या मुली आपापल्या गावी परतल्या. काही दुबईच्या बारमध्ये गेल्या. काही ऑर्केस्ट्रा बारमध्ये लागल्या, कारण गाण्याला परवानगी होती. गाता येवो न येवो, माइकसमोर उभं राहायचं. काहींना जे करायचं नव्हतं तेच करावं लागलं. बंदीमुळे काही मुली देहविक्रयाकडे ढकलल्या गेल्या, हे पुढे सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं.

मी पनवेललाच राहिले. गावी माझ्या पैशांनी बांधलेलं घर होतं, पण सातबाऱ्यावर भावाचं नाव. सुट्टीला गेले की चार दिवस पाहुणचार, पाचव्या दिवशी वहिनी विचारायची, परत कधी निघणार.

पैशाची चणचण मला ठाऊक होती, तिची भीती नव्हती. जड गेली ती संध्याकाळ. सहा वाजले की हात आपोआप काजळाच्या डबीकडे जायचे. शेजारच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या यायच्या, मुलांना अभ्यासाला बसवलं जायचं, आणि मी नटून कुठे जाणार नाही हे शरीराला पटायचं नाही. पहाटे चारपर्यंत झोप नाही. बाजारात गेले की भाजीवाला माझ्याकडे न बघता पैसे घ्यायचा, त्याचासुद्धा राग यायचा. आपण दिसेनासे झालो आहोत, अशी ती भावना होती. डॉक्टरकडे जाऊन काय सांगणार? नटीला सांगता येतं की मला रंगमंचाची आठवण येते. मी डॉक्टरांना झोप येत नाही एवढंच सांगितलं आणि त्यांनी गोळी लिहून दिली.

फोन पहिला महिनाभर वाजत राहिला. 'तुझ्यासाठी काहीही करीन' म्हणणारा एक कापडाचा व्यापारी होता. दर शुक्रवारी यायचा, माझ्यावर बंडलंच्या बंडलं उधळायचा. दिवाळीपर्यंत त्याचे फोन आले, आणि प्रत्येक फोनमध्ये एका लॉजचं नाव होतं. मी नाही म्हटलं, मग तोही थांबला. तो गेला याचं फारसं वाटलं नाही. एवढ्या शुक्रवारांत त्याने माझा नाच पाहिलाच नव्हता हे तेव्हा कळलं, आणि त्याचं फार लागलं.

काही वर्षांपूर्वी मावशीची कलावंत मानधनाची फाइल करायची होती. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार दरमहा मानधन देतं. त्यासाठी कलेचा पुरावा जोडावा लागतो. मावशीने ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात यात्रेतल्या कार्यक्रमांची पिवळी पडलेली पत्रकं, एका महोत्सवाचं प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातलं कात्रण आणि ढोलकीवाल्याबरोबरचा एक फोटो. मी एकेक कागद सरळ करून झेरॉक्स काढायला नेला. लावणीवाल्या बायकांनी थोडं का भोगलं आहे? विठाबाई नारायणगावकरांसारख्या तमाशासम्राज्ञीचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. पण आज राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. पडद्यावरच्या क्लबात आयुष्यभर नाचलेल्या हेलनना २००९ मध्ये मिळाली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. झेरॉक्सच्या दुकानात उभी असताना मात्र जाणवलं की माझ्या नाचाचा एकही कागद जगात नाही. बारमध्ये फोटो काढू देत नसत, आणि आम्हालाही ते नकोच असायचे. ज्या नावाने मी नाचले त्या नावाचं रेशनकार्डसुद्धा नाही.

एक साक्षीदार मात्र भेटला. पनवेलच्या एस.टी. स्टँडवर एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मी उठून जाणार तेवढ्यात त्यांनी हात जोडले आणि बारमधल्या नावाने हाक मारली, हळू आवाजात. मला त्यांचा चेहरा आठवेना. ते म्हणाले, "तुम्हाला आठवणार नाही, मी मागच्या टेबलावर एक थंडा घेऊन बसायचो. मुखडा संपताना तुम्ही एक मात्रा सोडून मग वळायचात. बाकीच्या लगेच वळायच्या." एवढं बोलून ते अलिबागच्या गाडीत चढले. ती सोडलेली मात्रा मावशीची होती. ढोलकीवाल्याला जागा द्यायची आणि मग वळायचं, हे तिने मला मोडनिंबच्या अंगणात शिकवलं होतं. बारमध्ये ढोलकी नव्हती, तरी मी जागा सोडत राहिले. कुणीतरी ती पाहिली होती.

आता मी लग्नांच्या 'संगीत' कार्यक्रमाचे नाच बसवते. पनवेल, खारघर, कामोठे इथल्या सोसायट्यांमध्ये हे काम भरपूर आहे. नवरीच्या आत्या, मावशा, काकू यांना चार दिवसांत एक गाणं बसवून द्यायचं. गाणी पुष्कळदा तीच असतात, ज्यांवर मी मधल्या जागेत नाचायचे. हॉलमध्ये दीर-भावजया एकमेकांवर नोटा ओवाळतात, वाजंत्रीवाल्यांवर उधळतात, आणि सगळे टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. आता सवय झाली आहे. कुठे शिकलात असं विचारलं की मी सांगायचे, गावी, मावशीकडे. ते खरंच आहे, पण अर्धं.

गेल्या मार्गशीर्षात खारघरच्या एका घरी नवरीच्या काकूला ती गिरकी काही केल्या जमेना. साठीच्या बाई, गुडघ्याला पट्टा, पण हट्टी. प्रत्येक वेळी घाईने वळायच्या. मी म्हटलं, एक मात्रा थांबा, समोरच्याला वाटू दे की तुम्ही वळणार नाही. त्या थांबल्या, वळल्या, आणि खूश होऊन म्हणाल्या, "हे तुम्ही मावशीकडे नाही शिकलात. मावशी शिकवते ते वेगळं असतं. हे लोकांसमोर केलेलं आहे." खोलीत आम्ही दोघीच होतो. मी सांगून टाकलं, "शिकले मावशीकडेच, पण केलं बारमध्ये. डान्स बारमध्ये."

काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी मोबाइलवर गाणं मागे नेलं, पट्टा घट्ट केला आणि म्हणाल्या, "चला, मुखड्यापासून." लग्न झालं, ठरलेले पैसे त्यांनी वेळेवर दिले. पुढच्या महिन्यात त्यांच्या जावेच्या घरी कार्य होतं. ते कामही माझ्याकडेच आलं.