कापसासाठी आली, माणसांची झाली

सकाळच्या विरार फास्टमध्ये जेमतेम एक पाय टेकवलेल्या माणसाला हे पटायचं नाही, पण हा लोहमार्ग आखला तेव्हा डोळ्यांपुढे होत्या कापसाच्या गाठी.

कापूस काही इथला नव्हे; वसईच्या वाड्यांत पिकायची ती केळी आणि विड्याची पानं. कापडाच्या व्यापाराच्या वाटेवर मात्र हा किनारा जुनाच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरं येतात, आणि दख्खनमधल्या तेर गावाहून भडोचला उतरणारं सुती कापडही. पुढे सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली, बंदर संपलं.

१८५५ मध्ये ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया’ म्हणजे जुन्या लोकांची बी.बी.सी.आय. ही रेल्वे कंपनी स्थापन झाली. गुजरातचा कापूस मुंबई बंदरात आणायचा, हे तिचं मोठं काम. पावसाळ्यात समुद्र बंद, बैलगाड्या चिखलात; तेव्हा रूळच हवेत. १८६० मध्ये गुजरातेत अंकलेश्वर ते उत्राण गाडी धावू लागली. पण दक्षिणेकडे यायचं तर तापीपासून वैतरणेपर्यंत नद्याच नद्या, शेवटी वसईची खाडी. कर्नल केनेडी या अभियंत्याने गाळात स्क्रूसारखे पिरगाळून उतरवायचे लोखंडी खांब वापरून पूल बांधले.

इकडे खांब रुतत होते, तिकडे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. आखूड धाग्याचा ‘सुरती’ कापूस त्यांना मुळीच आवडत नसे, सूत तुटतं म्हणून. तरी वाटेल त्या भावाने घेतला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. गाडी ग्रँट रोडला पोचली २८ नोव्हेंबर १८६४ ला. पाचच महिन्यांत युद्ध संपलं, भाव कोसळले, बॅक बे भरणारी कंपनीही बुडाली. तेजीसाठी धावत आलेल्या गाडीला तेजी जेमतेम दिसली! बुडालेल्या कंपनीने भरलेल्या जमिनीची पट्टी मात्र याच रेल्वेच्या कामी आली. चर्चगेटकडचे रूळ तिच्यावरच पडले.

१२ एप्रिल १८६७ पासून विरारहून बॅक बेला रोज एक गाडी सुटू लागली. सकाळी जायची, संध्याकाळी परतायची. वसईची भाजी, फुलं, पानं मुंबईच्या बाजारात पोचवायला रेल्वेसारखं साधन नव्हतं. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली.

कापसाची दुसरी वाट मुंबईतच होती. इथे १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिल्या कापूस गिरणीचा पाया घातला होता. त्यातून गिरणगाव उभं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. चाळीतली खोली विकून कितीतरी कुटुंबं नालासोपारा-विरारला आली, कारण परवडणारं घर तिथेच होतं. त्यांची मुलं आता लोअर परळला उतरतात आणि गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत कामाला जातात. पास विरारचा, तीन महिन्यांचा, आणि बसायला जागा मिळाली तर नशीब.