मुंबईला माल भरायला जाताय? खोलीचं भाडं नाही, खेपेचा खर्च बघा

दिवाळीचा माल घेताना आपण एकेका नगामागे दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. हॉटेल मात्र नुसतं भाडं बघून ठरवतो. फायदा इथेच गळतो.

समजा, सीएसएमटीजवळ खोली १८०० ला आहे आणि उपनगरात १२०० ला. सहाशे वाचले? थांबा. क्रॉफर्ड मार्केट, मंगळदास मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट हे सगळं सीएसएमटीपासून चालत जाण्यासारखं आहे. लांब राहिलात की गठ्ठे घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढता येत नाही. टॅक्सी करावी लागते आणि वाचलेले सहाशे तिथेच जातात. शिवाय दुपारी माल खोलीवर टाकून दुसरी फेरी मारता येत नाही, ते वेगळंच.

बुकिंगआधी फोन करून चार गोष्टी विचारा:

१. चेक-आउट बाराचं की चोवीस तासांचं? रात्रीच्या गाडीने सकाळी सातला उतरलात आणि खोली बाराला मिळाली, तर सामान घेऊन फिरणार कुठे?
२. लिफ्ट आहे का? जुन्या इमारतींत अनेकदा नसते.
३. खोली सोडल्यावर गाडीच्या वेळेपर्यंत माल ठेवू देतात का?
४. भाड्यात जीएसटी धरलाय का? दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे.

आणि हो, मंगळदास मार्केट रविवारी बंद असतं. शनिवारी रात्री पोचलात तर एका दिवसाचं भाडं फुकट.

आता वही काढा. मागच्या खेपेचं भाडं, टॅक्सी, हमाली, जेवण एकत्र मांडा आणि आणलेल्या नगांनी भागा. जो आकडा येईल, तो विक्रीच्या किमतीत धरला होता का?