बर्फाखालचे डोंगर, बेसाल्टखालचे डोंगर

सावंतवाडीची गाडी दिवा जंक्शनवरून सुटते तेव्हा तिच्या रुळांखाली बेसाल्ट असतो. पारसिकचा डोंगर, १९१६ साली त्याच्या पोटातून काढलेला रेल्वे बोगदा, मुंब्र्याचा कडा, सगळा तोच काळा फत्तर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेलेल्या लाव्ह्याचा. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी मागे पडली तरी खडक बदलत नाही. फार तर त्याच्यावर जांभ्याचा थर दिसतो. कणकवलीच्या आसपास मात्र हे काळे पांघरूण विरत जाते आणि खालची जुनी जमीन उघडी पडते. तिथे नाईस आहे, शिस्ट आहे, पुढे रेडीचे लोहखनिज आहे. यातले कित्येक खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. दिव्यात राहणारा कोकणी माणूस गणपतीला गावी जातो, तेव्हा पृथ्वीच्या इतिहासात इतका मागे जाऊन येतो.

महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग बेसाल्टने झाकलेला आहे. तसाच अंटार्क्टिकाचा अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग बर्फाने झाकलेला आहे. त्या बर्फाखाली गाम्बुर्त्सेव्ह नावाची आल्प्सच्या तोडीची अख्खी पर्वतरांग दडलेली आहे आणि १९५८ साली सोव्हिएत मोहिमेला तिचा सुगावा लागेपर्यंत ती कुणाला ठाऊकही नव्हती. दोन्हीकडे भूशास्त्रज्ञाची अडचण एकच : मूळ खडक दिसतो तो कडेकडेला, तुकड्यातुकड्याने.

अंटार्क्टिकातले असे दोन तुकडे भारतीयांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाला पोहोचली. १९८३-८४च्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या : नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि जादवपूर विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. सेनगुप्तांनी शिरमाखर टेकड्यांमधल्या खडकांच्या घड्या अभ्यासल्या. सुमारे पस्तीस चौरस किलोमीटरच्या या उघड्या पट्ट्यात पुढे ‘मैत्री’ हे केंद्र उभे राहिले. २०१२ साली लार्समन टेकड्यांमध्ये ‘भारती’ सुरू झाले. आज या केंद्रांचा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

या टेकड्या जेमतेम शे-दोनशे मीटर उंचीच्या. मग इथे कधीकाळी हिमालयासारखे डोंगर होते, हे कशावरून म्हणायचे?

खडकातल्या खनिजांवरून. दोन भूखंड एकमेकांना भिडले की कवच दुमडते, जाड होते आणि वरचा चिखल-वाळूचा गाळ वीस-तीस किलोमीटर खोल दाबला जातो. तिथे सातशे-आठशे अंश तापमानात तो घनरूपातच बदलतो; असा बदललेला खडक म्हणजे रूपांतरित खडक. जुनी खनिजे मोडून नवी घडतात. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण तेच, पण दाब-तापमानानुसार त्यांची तीन वेगळी खनिजे होतात : अँडालुसाइट, कायनाइट, सिलिमनाइट. यातले कोणते सापडले, त्यावरून खडक किती खोल आणि किती तापलेल्या जागी गेला होता याचा अंदाज बांधता येतो.

लार्समनच्या नाईसचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ही हकिगत प्रत्यक्ष दिसते. मध्ये गार्नेटचा मोठा दाणा, त्याच्या पोटात अडकलेल्या सिलिमनाइटच्या बारीक सुया आणि भोवती कॉर्डिएराइटची कडा. गार्नेट खोलवरच्या दाबात वाढले. कॉर्डिएराइटला कमी दाब मानवतो. म्हणजे खडक अजून तापलेला असतानाच वर उचलला जात होता, माथ्यावरचा डोंगर झिजत होता, आणि गार्नेटची पुरती मोडतोड होण्याआधीच तो निवला. ती अर्धवट राहिलेली क्रिया या कडेत जशीच्या तशी शिल्लक आहे. मला या साऱ्या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

काळ सांगते झिरकॉन हे खनिज. त्यातल्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत जाते. लार्समनच्या परिसरातून दोन उत्तरे येतात : एक शंभर ते नव्वद कोटी वर्षांचे, दुसरे पंचावन्न ते पन्नास कोटी वर्षांचे. पहिले उत्तर ओडिशा-आंध्रच्या पूर्व घाटाशी जुळते. तिथेही गार्नेट-सिलिमनाइटचेच खडक आहेत. कोणार्कचे मंदिर त्यांचेच आहे. हे दोन्ही पट्टे एकाच पर्वताची मुळे होती. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकापासून सुटू लागला आणि डोंगराची मुळे दोन खंडांत वाटली गेली. दुसरे उत्तर गोंडवन हा महाखंड जुळतानाच्या घटनेचे. ती खरीखुरी टक्कर होती की खंडाच्या पोटातली उलथापालथ, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. आणि हे सारे घडले तेव्हा तिथे आजचा बर्फ नव्हता.

आपल्याकडे बेसाल्टखाली डोकावण्याची संधी आली ती दुःखद निमित्ताने. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतले गेले. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, आठ मीटर गाळ लागला आणि त्याखाली सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे, खोल कवचात घडलेले रूपांतरित खडक. एवढ्या खोलीचे खडक इतक्या वर आले, म्हणजे त्यांच्या माथ्यावरची कित्येक किलोमीटर जमीन लाव्हा येण्याआधीच झिजून गेली होती. कोयनेच्या परिसरात, कराडच्या भूभौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या प्रकल्पात, तीन किलोमीटरचे विवर घेतले. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टनंतर ग्रॅनाइट-नाईस लागला. भंडारा जिल्ह्यात तर विवराचीही गरज नाही. तिथे कायनाइट आणि सिलिमनाइट जमिनीवरच सापडतात आणि भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांसाठी खणून नेले जातात.

लार्समन टेकड्यांमधले स्टॉर्न्स हे भूशिर २०१४ साली अंटार्क्टिक करारानुसार विशेष संरक्षित क्षेत्र झाले. कारण पेंग्विन नव्हेत, तिथल्या रूपांतरित खडकांतली बोरॉन आणि फॉस्फेटची दुर्मीळ खनिजे. तिथे आता परवानगीशिवाय पाऊलही ठेवता येत नाही. या संरक्षणाच्या प्रस्तावात भारतही सहभागी होता. दक्षिण टोकावरच्या खडकासाठी आपण जे केले, ते सिंधुदुर्ग आणि भंडाऱ्यातल्या त्याहून जुन्या खडकांसाठीही करायला हवे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक तरी उघडा खडक खडी-क्रशरपासून राखून ठेवावा, त्याच्याजवळ मराठीत माहितीचा फलक लावावा आणि शाळांच्या सहली तिथे न्याव्यात. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर फलक येत्या उन्हाळ्यातही उभा राहू शकतो.